एकच विहीर, पाच गावं: आभासी खोलीतल्या सांघिक सरावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका भाड्याच्या शेडमधून कारखान्यांची आपत्कालीन पथकं आणि गावोगावचे स्वयंसेवक यांचे सराव घेतो. सराव घेणारे शेडमध्ये असतात. सराव करणारे मात्र कोणी जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, कोणी औशात, कोणी हिंगोलीजवळच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत. सगळ्यांची गाठ पडते ती संगणकाने रचलेल्या एका जागेत. नावनोंदणीआधी फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून ते इथं एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण ते प्रश्न आम्हालाही अजून सुटलेले नाहीत.

म्हणजे व्हिडिओ कॉलच ना हा?

नाही. व्हिडिओ कॉलवर सगळे आपापल्या चौकटीत असतात, पण कोणी कुठं उभं नसतं. पथकाच्या कामात मात्र कोण कुठं उभं आहे यावरच निम्मं काम ठरतं. दोर कोणाच्या हातात आहे, काठावर कोण ओणवा झालाय, ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला फाट्यावर कोण गेलंय? आभासी जागेत प्रत्येकाला एक शरीर मिळतं आणि त्याला जागा व्यापावी लागते. तुम्ही पाठ फिरवली की मागचा माणूस तुम्हाला दिसत नाही. तुम्ही लांब गेलात की त्याचा आवाज बारीक होतो.

व्हिडिओ कॉलने माणूस दमतो तेही वेगळ्या कारणांनी. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये चार कारणं मांडली होती: सतत जवळून रोखलेल्या नजरा, दिवसभर समोर स्वतःचाच चेहरा, एका जागी खिळून बसणं, आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणासुद्धा मुद्दाम कराव्या लागणं. आमच्याकडं यातली पहिली तीन नसतात. चौथं आहेच, त्याबद्दल पुढं.

कारखान्यातल्या माणसांना हा गेम कशाला?

ही गोष्ट गेममधून आली असा समज आहे. टीमच्या सरावापुरतं बोलायचं तर ती रणगाड्यातून आली. १९८३ मध्ये अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेने 'सिमनेट' नावाचं काम हाती घेतलं. त्याआधी सिम्युलेटर म्हणजे एका वैमानिकाने किंवा एका पथकाने आपापलं कौशल्य घोटवायचं यंत्र होतं. सिमनेटमध्ये वेगवेगळ्या ठिकाणचे सिम्युलेटर तारेने जोडले गेले आणि एका रणगाड्यातल्या चौघांना शेजारच्या रणगाड्यातल्या चौघांशी जुळवून घ्यावं लागलं.

त्यात आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी रणगाड्याच्या आतली हुबेहूब नक्कल करायचा अट्टहास धरला नाही. ज्या कळांनी टीमच्या कामात फरक पडतो त्या खऱ्या, बाकीच्या नुसत्या रंगवलेल्या. आमची विहीरही तशीच आहे. तिच्या पाण्याला लाटा नाहीत, दगडांवर शेवाळ नाही. एका गावचे सरपंच त्यावरून नाराज झाले होते, "ही कसली विहीर, हौद दिसायलाय" म्हणाले. पण कठडा किती उंच, दोर किती लांब आणि खालच्या माणसाचा आवाज वर किती येतो हे तीनही खरं ठेवलंय.

कोणकोणते सराव घेता?

कारखान्यांसाठी आग, गळती आणि माणूस यंत्रात अडकणं. गावांसाठी पूर, पडझड आणि विहीर. सगळ्यात जास्त मागणी विहिरीला असते, आणि तिथंच आमचं बरंचसं शिकणंही झालं.

उन्हाळ्यात गाळ काढायला एक जण उतरतो. पाणी उपसायला डिझेलचं इंजिन कधी कधी विहिरीतच खाली ठेवलेलं असतं. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बाहेर जायला वाट नसते. त्याला वास नाही, रंग नाही. कुजलेल्या गाळाने तळाचा प्राणवायूही खाल्लेला असतो. हवेत एरवी तो सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली जागा धोक्याची समजतात. खालचा माणूस कोसळतो. वरून भाऊ पाहतो आणि उडी टाकतो. मग चुलतभाऊ. एकामागून एक तिघं-चौघं गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात कोणी वाचल्या नसतील असं नाही.

कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे. तिच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड जीव घेण्याइतका असला तरी कंदील जळत राहतो.

या सरावात शिकायचं कौशल्य एकच: भाऊ खाली पडलेला दिसत असताना न उतरणं, आणि दुसऱ्यालाही उतरू न देणं. ते एकट्याने शिकता येत नाही. कोणीतरी धरून ठेवणारा लागतो, कोणीतरी "थांब" म्हणणारा लागतो आणि तो म्हणाल्यावर ऐकणारा लागतो. आभासी विहिरीवरसुद्धा पहिल्या खेपेला जवळपास प्रत्येक पथकातला एक जण उतरतोच. खोटी विहीर आहे हे माहीत असताना.

किल्लारीच्या भूकंपावर बेतलेला सरावही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं त्यात लातूर-उस्मानाबाद या तेव्हाच्या जिल्ह्यांतली ५२ गावं उद्ध्वस्त झाली आणि जवळपास आठ हजार माणसं गेली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशी घरं अंगावर आली. तो सराव अंधारात होतो. त्यात रडण्या-ओरडण्याचे आवाज आम्ही घालत नाही. औसा-उमरगा भागात तो घेताना आधी विचारतो, कारण टीममध्ये त्या रात्रीतून वाचलेला माणूस असू शकतो. त्याने कारण न सांगता बाहेर पडलं तरी चालतं.

आमच्याकडं हेडसेट एकच आहे. चालेल?

चालेल. हेडसेट म्हणजे आभासी जागा डोळ्यांसमोर आणणारं, डोक्यावर चढवायचं यंत्र. बाकीचे लॅपटॉपवरून येऊ शकतात. पण तो एक हेडसेट कोणाला द्यायचा हे आम्ही ठरवू, आणि त्यावरून वाद घालू नका.

कारण असं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी तिघातिघांचे गट घेऊन एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. एकमेकांना न ओळखणारी तीन माणसं आभासी खोलीत भेटली आणि भिंतीवरच्या कागदांवरची कोडी सोडवायला लागली. एकाकडं हेडसेट, दोघं साध्या पडद्यावर. कोणाकडं कोणतं साधन आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पुढारी म्हणून बहुधा हेडसेटवाला पुढं आला. मग हेच तिघं खऱ्या खोलीत बसले तेव्हा त्याचं पुढारपण ओसरलं. म्हणजे त्याच्या स्वभावात काही नव्हतं. त्याला मान वळवून सगळीकडं बघता येत होतं, हात करून दाखवता येत होतं, एवढंच.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या पहिल्या काही सरावांचा उलगडा झाला. आम्ही भक्तिभावाने हेडसेट साहेबांच्या डोक्यावर चढवत होतो. साहेब आधीच साहेब, त्यात यंत्राने त्यांना आणखी मोठं केलेलं. आता हेडसेट पथकातल्या सगळ्यात नव्या माणसाला मिळतो. बऱ्याचदा तो शिकाऊ उमेदवार असतो, आयटीआयमधून नुकताच आलेला.

मग साहेबांनी यायचं की नाही?

यायचं. पण कसं यायचं हे आधी बोलून घेऊ.

एका कारखान्याच्या पथकाची गोष्ट सांगतो. शेडमध्ये सॉल्व्हंटच्या पिंपांजवळ धूर. पाच जण, त्यात एक व्यवस्थापक. व्यवस्थापकांनी सगळ्यांना पूर्वेच्या दाराकडं जायला सांगितलं. एका हेल्परला दिसत होतं की त्याच दारापुढं धूर जास्त आहे. त्याने ते सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, "साहेबांना दिसलंच असंल की." साहेबांना दिसलं नव्हतं, त्यांचं तोंड दुसरीकडं होतं. आणि ही सगळी माणसं चार वेगवेगळ्या इमारतींत बसलेली! साहेबांच्या केबिनचं दार मध्ये नव्हतं, त्यांची खुर्ची नव्हती, समोर होता तो निळ्या रंगाचा एक बाहुला. तरी दरारा तारेतून बरोबर पोचला.

विमान क्षेत्राने हा धडा फार महागात घेतला. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाणाला निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान बाजूला झालंय का अशी शंका काढली होती. कॅप्टन ज्येष्ठ, नावाजलेले. त्यांनी ठामपणे होकार दिला आणि विषय तिथंच संपला. पुढं १९७९ च्या नासाच्या कार्यशाळेपासून वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवा भाग आकाराला आला: हाताखालच्याने शंका कशी काढायची आणि वरच्याने ती कशी ऐकायची.

आम्ही त्यासाठी दोन गोष्टी करतो. साहेबांना एका सरावात मुद्दाम फाट्यावर ॲम्ब्युलन्सची वाट बघायला उभं करतो, तिथून त्यांना घटनास्थळ दिसत नाही. आणि शंका काढायचं एक ठरलेलं वाक्य देतो: "मला वेगळं दिसतंय." हे चुकलं असं म्हणावं लागत नाही, साहेबांचा मान राहतो आणि हेल्परची जीभ सुटते. हे वाक्य एका पथकाने चहाच्या टपरीवर बिलावरूनही वापरायला सुरुवात केली.

नुसतं "व्हय" म्हटलं तर का चालत नाही?

कारण आपल्याकडं "व्हय"चे अर्थ मोजायला गेलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. ऐकलं. कळलं. पटलं. करतो. केलं. बोलत राहा, मी आहे. लातूर-बीडकडं "व्हय", हिंगोली-नांदेडकडं "हाव", शहरात "हो सर". समोरासमोर असताना चेहऱ्यावरून कळतं कुठला आहे तो. बाहुल्याला चेहरा नाही. मघाशी व्हिडिओ कॉलच्या दमणुकीचं चौथं कारण म्हटलं ते हेच.

म्हणून सूचना ज्याला दिली त्याने ती स्वतःच्या शब्दांत परत म्हणायची आणि सांगणाऱ्याने "बरोबर" म्हणायचं. "इंजिन बंद कर, गणेश." "इंजिन बंद करायलाव." "बरोबर." मग काम झाल्यावर "इंजिन बंद झालं." सुरुवातीला सगळ्यांना हसू येतं. शाळेतले पाढे म्हटल्यासारखं वाटतं. तिसऱ्या सरावापर्यंत हसू थांबतं.

नाव घेऊन बोलणंही यातच आलं. "कोणीतरी १०८ ला फोन लावा" असं म्हटलं की फोन कोणीच लावत नाही. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने लावला. आमच्याकडं "कोणीतरी" हा शब्द उच्चारला की सराव थांबवून घंटी वाजते.

वय आणि नातं मात्र सोडायला लावत नाही. गावातल्या पथकात मामा मामाच राहतात, ताई ताईच. "रामा मामा, दोर धरा" यात वेळ जात नाही. एका प्रशिक्षकाने सगळ्यांना एकेरीत बोलायचा नियम आणला होता, कारण म्हणे परदेशात तसं करतात. पोरं मामांना "ए" म्हणेनात, म्हणून गप्पच बसली. तो नियम एका दुपारीत गेला.

बोलताना सगळे एकदम बोलतात, नाही तर सगळे एकदम गप्प. आमच्याच टीमचं असं होतंय का?

सगळ्यांचं होतं, आणि दोष तुमचा नाही, तारेचा आहे. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तुमचा आवाज हिंगोलीहून सर्व्हरपर्यंत जाऊन औशात पोचायलाच तेवढा वेळ गेला, तर तुम्हाला वाटतं समोरचा गप्प आहे, तुम्ही पुन्हा बोलता, तेवढ्यात त्याचं उत्तर येऊन आदळतं. टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय मानकात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा असं धरलं आहे.

भजनी मंडळाचं उदाहरण घ्या. लॉकडाऊनमध्ये ज्यांनी फोनवर एकत्र अभंग म्हणायचा प्रयत्न केला त्यांना आठवत असेल, दुसऱ्याच चरणाला टाळ आणि पखवाज वेगळ्या गावाला गेलेले असायचे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मंडपाच्या दोन टोकांना आठ-साडेआठ मीटरवर बसलेल्या दोघांमध्येही २५ मिलिसेकंदांचा फरक पडतोच. तेवढा कान पोटात घालतो. त्याच्या चौपट-पाचपट झाला की तालाचं काही खरं नाही.

तार सुधारणं आमच्या हातात नाही, बोलण्याची चाल आहे. छोटी वाक्यं, संपलं की "संपलं" म्हणायचं. वॉकीटॉकीवाले वॉचमन हे लगेच उचलतात, त्यांची सवय आधीचीच.

माझ्यासमोरचा माणूस मध्येच एका जागेवरून दुसरीकडं उडी मारतो. सॉफ्टवेअर खराब आहे का?

नाही. अंदाज चुकला एवढंच. बीडहून निघालेली एसटी गेवराईहून सुटल्याचा फोन आला की तुम्ही घड्याळ बघून म्हणता, आता पाचोडला असेल. प्रत्येक मैलावर कोणी फोन करत नाही. संगणकही तेच करतो: समोरच्याचा वेग आणि दिशा धरून पुढची जागा स्वतःच काढत राहतो, आणि प्रत्यक्ष जागा त्या अंदाजापासून ठरलेल्या मर्यादेपेक्षा लांब गेली तरच नवी खबर येते. ही युक्ती सिमनेटपासूनची आहे. एसटी मध्येच पंक्चर झाली आणि फोन उशिरा आला, की तुमच्या डोक्यातली पाचोडची एसटी एकदम मागं आणावी लागते. तीच ती उडी.

दोराचं काम करताना मात्र ही उडी त्रास देते, म्हणून दोर धरलेल्यांनी जागा सोडायची नाही असा नियम आहे. खऱ्या विहिरीवरही तो चांगलाच आहे.

आत गेल्यावर दिशाच कळत नाही. उपाय?

ही तक्रार आम्हाला आधी समजलीच नाही. आम्ही "डावीकडं, उजवीकडं" सांगत होतो. गावातले स्वयंसेवक "उगवतीच्या अंगाला", "मावळतीकडच्या कडेनं" म्हणत होते. आणि आमच्या आभासी शिवारात सूर्यच नव्हता! सगळीकडून सारखा उजेड. एका ताईंनी विचारलं, "तुमच्या गावात दिस उगवतोय का नाही?"

आता सूर्य आहे, एका बाजूला मंदिराचा कळस आहे आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. सूचना कमी लागतात. हे करताना लक्षात आलं की "उगवतीकडं" आमच्या "डावीकडं"पेक्षा सरसच आहे. माझी डावी बाजू तुमची उजवी असू शकते, उगवत सगळ्यांची एकच. कारखान्याच्या पथकांनाही आता तसंच शिकवतो.

बोट दाखवण्याचा प्रश्न अजून आहे. हेडसेटमधून साधारण शंभर अंशांचंच दृश्य दिसतं, डोळ्यांना एरवी त्याच्या दुप्पट दिसतं. लॅपटॉपवर तर त्याहून कमी. तुम्ही बोट दाखवता ती वस्तू समोरच्याला दिसते, पण तुमचं बोट दिसत नाही, किंवा उलट. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी आभासी खोलीत फर्निचर मांडायला लावून हाच घोळ नोंदवला होता. आमचा तोडगा गावठी आहे: "हे" आणि "ते" बंद. "निळं पिंप", "लिंबाखालचा खांब" म्हणायचं.

आमचा अवतार इतका साधा का? चेहरा नाही, कपडे नाहीत नीट.

आपल्याकडं "काय हा अवतार!" कधी म्हणतात ते ठाऊक आहे, त्यामुळं तक्रार मान्य. पण एकसारखे, एकाच उंचीचे बाहुले मुद्दाम ठेवलेत. निक यी आणि बेलेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवलं की ज्यांना उंच अवतार मिळाला त्यांनी पैशाच्या वाटणीत जास्त ताणून धरलं आणि बुटका अवतार मिळालेल्यांनी अन्यायाची वाटणीही मान्य केली. उंची चिठ्ठीने वाटलेली होती. बाहुला घातल्यावर माणूस बाहुल्यासारखा वागतो, म्हणून कोणालाच झुकतं माप नको. फरक ओळखायला नाव आणि कामाप्रमाणे हेल्मेटचा रंग पुरतो.

टवाळखोरी होते का? घरच्या पोरीला पाठवायचं तर सुरक्षित आहे का?

सरळ उत्तर: टोपणनावाने कोणाला येऊ दिलं असतं तर झाली असती. १९८६ मध्ये कमोडोर ६४ संगणकावर चालणारं लुकासफिल्मचं 'हॅबिटॅट' हे आभासी गाव सुरू झालं. अवतार हा आपला शब्द संगणकाच्या जगात रुळवला तोही त्यांनीच. त्या गावात चोऱ्या झाल्या, गोळीबार झाले, आणि शेवटी रहिवाशांनी मतदान करून शेरीफ निवडला. खेळण्यातल्या गावालाही पोलीस पाटील लागला म्हणायचा.

अंगाला अंग लागत नाही तरी जवळ येणं जाणवतं. आभासी जगातही लोक एकमेकांपासून खऱ्यासारखंच अंतर राखतात. पुरुष-पुरुष जोड्या बायकांच्या जोड्यांपेक्षा लांब उभ्या राहतात, अशी नोंद 'सेकंड लाइफ' या ऑनलाइन आभासी जगातल्या अभ्यासात झाली होती. त्यामुळं कोणी मुद्दाम अंगावर आलं तर ते "नुसतं स्क्रीनवर" नसतं, धडकीच भरते. मेटा कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या आभासी जगात अवतारांमध्ये सुमारे चार फुटांची हद्द घातली ती अशाच तक्रारींनंतर. आमच्याकडं हद्द कायम चालू असते, विहिरीतून माणूस बाहेर काढताना दोर धरण्याचं दृश्य वगळता ती उठत नाही. खरं नाव सक्तीचं. प्रत्येक सरावात एक जण निव्वळ पाहणारा असतो.

एक चांगली गोष्ट इथंच सांगतो. बचत गटाच्या बायका प्रत्यक्ष सरावाच्या मैदानात कडेला उभ्या राहतात, बोलत नाहीत. त्याच बायका बाहुल्याच्या आड विहिरीच्या काठावर येऊन हुकूम सोडतात. एका पथकाची म्होरकी आता अशीच एक जण आहे. मैदानातही ती तशीच बोलते की नाही, ते पुढच्या सरावात बघायचंय.

अंबाडा, पदर, चष्मा असताना हेडसेट बसतो का?

बसतो. अंबाड्याऐवजी वेणी घाला, मागचा पट्टा वर सरकत नाही. कुंकू-गंध पुसून या किंवा टिकली लावा. चष्म्यासाठी आत फ्रेम सरकवता येते. उन्हाळ्यात घामाचा प्रश्न खरा आहे, दर माणसामागं पुसायचं कापड आम्ही देतो.

मळमळतं म्हणतात. खरंय?

काहींना. डोळे सांगतात चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो जागेवर आहे, आणि पोट त्या भांडणात सापडतं. बसून करा, मान हळू वळवा, पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांवर थांबा. पोटभर जेवून येऊ नका, उपाशीही नको. मळमळायला लागल्यावर दम धरण्यात मर्दुमकी नाही, वाढतच जातं. मिरगी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट घालू नये.

सरावाच्या मध्येच लाईट गेली तर?

सराव चालू राहतो. ज्याची लाईट गेली तो जखमी झाला असं धरायचं. पथकाला त्याचं काम वाटून घ्यावं लागतं. हा नियम आम्ही ठरवून केला नव्हता, मे महिन्याने करायला लावला.

एका गटात किती जण?

चार ते पाच. मॅक्सिमिलियन रिंगेलमन नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, ते १९१३ मध्ये छापून आलं. माणसं वाढली तसा दर माणसामागचा जोर घटला. काही अंशी ओढ जुळत नाही म्हणून आणि काही अंशी "बाकीचे आहेत की" म्हणून. आभासी खोलीत तर गर्दीत अंग चोरणं फारच सोपं, बाहुला उभा करून माणूस चहा प्यायला जातो. वीस जण पाठवणार असाल तर चार गट करू.

रेकॉर्डिंग होतं का? माझी चूक सगळ्यांना दाखवणार का?

होतं आणि दाखवतो. सराव वीस मिनिटांचा, त्यावरची बैठक चाळीस मिनिटांची. खरं प्रशिक्षण बैठकीत होतं. रेकॉर्डिंग घारीसारखं वरून बघता येतं किंवा कोणाच्याही डोळ्यांतून. त्या हेल्परच्या डोळ्यांतून दारापुढचा धूर साहेबांनी पाहिला तेव्हा खोलीत जो शांतपणा पसरला तो कुठल्याही भाषणाने आला नसता.

बैठकीत पहिली चूक सगळ्यात वरच्या माणसाने स्वतःची सांगायची, हा आमचा नियम. तो पाळला नाही तर बैठक तिथंच संपवतो. दोनदा संपवली आहे.

रेकॉर्डिंग पगारवाढीच्या फायलीत जाणार नाही असं कारखान्याकडून लिहून घेतो आणि बैठकीनंतर ते पुसतो. नाव झाकलं तरी पुरत नाही म्हणून पुसतो. २०२० च्या एका प्रयोगात ५११ जणांच्या हेडसेटमधल्या हालचालींवरून संगणकाने ९५ टक्के माणसं ओळखली होती, दर माणसामागं पाच मिनिटांहून कमी नोंदीवर. चाल जशी लपत नाही तशी मान वळवण्याची ढबही लपत नाही.

यामुळे कायद्याने लागणारं मॉक ड्रिल सुटतं का?

नाही. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार ज्यांना कारखान्याच्या आतल्या आपत्कालीन योजनेचा सराव दर सहा महिन्यांनी करावा लागतो त्यांना तो प्रत्यक्षच करावा लागतो. आमचं प्रमाणपत्र निरीक्षकांना दाखवून हात झटकायचे असतील तर कृपया दुसरीकडं चौकशी करा.

प्रत्यक्षात याचा उपयोग होतो का?

बोलण्याचा होतो. कोण काय करणार, कोणी कोणाला सांगायचं, शंका कधी काढायची, हे आभासी खोलीत शिकलेलं मैदानात टिकतं असं आम्हाला दिसतं. हातांचा होत नाही. अग्निशामकाची पिन ओढायला किती जोर लागतो, ओल्या दोराने तळहात कसा सोलतो, भरलेलं स्ट्रेचर जिन्यावरून नेताना कंबर कुठं दुखते, हे हेडसेट सांगत नाही. एका पथकाने आभासी आग सुंदर विझवली आणि मैदानात त्यांना पिनचं सील तोडायला सुचेना. म्हणून आम्ही आभासी सरावानंतर पंधरा दिवसांच्या आत एक मैदानी सराव मागतोच. तो नसेल तर आम्ही काम घेत नाही, आणि त्यापायी गिऱ्हाइकं गेली आहेत.

हेडसेट घरी न्यायला मिळेल का? मुलांना दाखवायचा होता.

नाही.

येताना काय आणायचं?

चार्जर, तारेचा इअरफोन, पाण्याची बाटली. ब्लूटूथ नको, त्याने आवाज आणखी उशिरा येतो. कारखान्याचं पथक असेल तर शेडचा नकाशा आणि दारं कुठं उघडतात, आत की बाहेर, हे लिहून. गावचं पथक असेल तर तुमच्या गावच्या दोन विहिरींची खोली दोर सोडून मोजा आणि कठडा आहे की नाही ते कळवा. अंदाजाने "पन्नास फूट असंल" असं सांगू नका. मागच्या वेळी ती एकाहत्तर निघाली आणि आमचा दोर अर्ध्यावर लोंबकळत राहिला.